बाटली क्रमांक ५३-एन

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातल्या मलकोवाल गावात प्लेगची लस टोचायला सरकारी पथक आलं होतं. पाच बाटल्या उघडल्या गेल्या आणि त्या दिवशी १०७ जणांना लस टोचून झाली. आठवडा उलटतो न उलटतो तोच त्यांतल्या काहींचे जबडे आवळू लागले, मान ताठरली, अंगाला झटके येऊ लागले. तो धनुर्वात होता. एकूण १९ जणांना तो झाला आणि त्यांतला एकही वाचला नाही. नोंदी तपासल्यावर दिसलं, की या सगळ्यांना एकाच बाटलीतून लस टोचलेली होती. बाटलीचा क्रमांक होता ५३-एन. उरलेल्या चार बाटल्यांतून लस घेतलेल्या ८८ जणांना काहीही झालं नाही.

ही बाटली ४१ दिवस आधी मुंबईत, परळच्या प्लेग संशोधन प्रयोगशाळेत भरली गेली होती. प्रयोगशाळेचे प्रमुख होते वाल्डेमार हाफकिन. आज आपण जिला हाफकिन संस्था म्हणतो, ती हीच प्रयोगशाळा.

धनुर्वाताचा जंतू त्या बाटलीत शिरला कुठे? परळला, की मलकोवालला? या प्रश्नाचं उत्तर मिळायला जवळपास पाच वर्षं लागली. सूक्ष्मजीवशास्त्राचे मूलभूत नियम नीट समजून घ्यायचे असतील, तर या एका बाटलीचा माग काढण्यासारखा दुसरा धडा नाही. प्रयोगशाळेतल्या सुरक्षिततेचे नियम पाठ्यपुस्तकात शेवटी, परिशिष्टात छापतात; विद्यार्थी ते पाठ करतात आणि विसरतात. खरं तर त्यांतला प्रत्येक नियम जंतूच्या एखाद्या स्वभावातून आलेला आहे. तो स्वभाव कळला, की नियम पाठ करावा लागत नाही.

एका खोलीतली लस

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात माणसं तापानं पटापट मरू लागली. काखेत, जांघेत गाठी येत होत्या. हा गाठीचा प्लेग आहे हे ओळखलं डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी. ते मूळचे गोव्याचे. पुढच्याच महिन्यात हाफकिन मुंबईत दाखल झाले. ओडेसात जन्मलेल्या आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तयार झालेल्या या शास्त्रज्ञानं त्याआधी कॉलऱ्याची लस भारतात आणली होती. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि व्हरांडा मिळाला. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या सामग्रीवर त्यांनी तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली.

ही लस म्हणजे मारलेले प्लेगचे जिवाणू. ते मारण्याआधी भरपूर वाढवावे लागतात, आणि इथेच सूक्ष्मजीवशास्त्राचा पहिला धडा सुरू होतो. प्लेगचा जिवाणू अलेक्झांडर येरसँ यांनी १८९४ साली हाँगकाँगमध्ये शोधून काढला होता. हा आखूड, दांडीच्या आकाराचा जीव एवढा लहान, की एका मिलिमीटरच्या अंतरात असे पाचशेहून अधिक जिवाणू ओळीनं मावतील. डोळ्यांना तो दिसत नाही, हाताला लागत नाही, त्याचं वजन जाणवत नाही. टेबलावर त्याचा थेंब सांडला आणि वाळला, की ती जागा कोणती हेही पुढच्या माणसाला कळत नाही.

दुसरा स्वभाव वाढीचा. जिवाणू एकाचे दोन, दोनाचे चार असे दुभंगत वाढतात. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जिवाणू अनुकूल परिस्थितीत दर २० मिनिटांनी दुप्पट होतो. म्हणजे संध्याकाळी एक जिवाणू रसात पडला, तर आठ तासांत २४ दुपटी होऊन त्यांची संख्या एक कोटी ६७ लाखांच्या वर जाते. प्लेगचा जिवाणू याहून संथ आहे, पण हिशेब तोच. म्हणून सूक्ष्मजीवशास्त्रात ‘थोडीशी भेसळ’ असं काही नसतं. आज थोडी असलेली भेसळ उद्या सकाळी सगळीकडे असते.

तिसरी गोष्ट शुद्ध संवर्धाची. निसर्गात कुठलाच जिवाणू एकटा राहत नाही. मातीत, लाळेत, गटारात शेकडो जाती एकमेकींत मिसळलेल्या असतात. एका जातीबद्दल काहीही ठामपणे सांगायचं तर ती आधी वेगळी काढावी लागते. जर्मनीत रॉबर्ट कॉख यांनी त्यासाठी घट्ट पृष्ठभाग वापरला. घट्ट माध्यमावर एका जागी पडलेला एक जिवाणू तिथेच वाढतो आणि त्याच्या लाखो वंशजांचा एक ठिपका तयार होतो. या ठिपक्याला वसाहत म्हणतात. सुरुवातीला माध्यम घट्ट करायला जिलेटिन वापरत. ते उन्हाळ्यात वितळायचं. फॅनी हेसे यांनी आपल्या स्वयंपाकघरातल्या जेलीच्या अनुभवावरून समुद्री शेवाळापासून मिळणारं अगार सुचवलं. एकदा गोठलं, की अगार शरीराच्या तापमानालाही घट्ट राहतं. १८८७ साली रिचर्ड पेट्री यांनी त्यासाठी झाकणाची उथळ काचेची तबकडी केली. आज जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत या दोन गोष्टींवाचून पान हलत नाही.

हाफकिननी मात्र लसीसाठी द्रव माध्यम निवडलं. धार्मिक भावना सांभाळण्यासाठी गोमांस आणि डुकराचं मांस टाळून बोकडाच्या मांसाचा रस तयार केला. तो मोठ्या काचेच्या चंबूंत भरून वर तुपाचे थेंब सोडले. तूप तरंगत राहायचं आणि त्याच्या थेंबांना धरून प्लेगचे जिवाणू खाली लोंबणाऱ्या धाग्यांसारखे वाढायचे, गुहेच्या छताला चुनखडीचे सुळके लोंबतात तसे. चंबू जरा हलला, की हे सुळके तुटून तळाशी पडत. मग तुपाखाली नवे धरत. म्हणून चंबू अगदी निश्चल ठेवावे लागत. असे लोंबते सुळके प्लेगच्या जिवाणूची ओळख मानले जात. रस नुसताच गढूळ झाला किंवा वर सायीसारखा थर आला, तर दुसरं कोणीतरी आत शिरलं आहे हे नजरेलाच कळे. शुद्धतेची खूण डोळ्यांना दिसावी, अशी सोय पद्धतीतच केलेली होती.

जिवाणू पुरेसे वाढले, की चंबू ७० अंश सेल्सियसला तासभर तापवायचा. त्यात जिवाणू मरायचे. मग थोडं कार्बोलिक आम्ल घालायचं, म्हणजे पुढे कुठलाही जंतू त्यात वाढू नये. १८९९ साली प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये गेली आणि लस मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागली. १९०२ मध्ये पंजाब सरकारनं प्रचंड मोहीम आखली. लस लवकर आणि भरपूर हवी होती. त्यासाठी प्रयोगशाळेनं पद्धत बदलली. नव्या पद्धतीत कार्बोलिक आम्ल वगळलेलं होतं. निर्जंतुकीकरणाची मदार उष्णतेवर होती. मलकोवालला गेलेली बाटली या नव्या पद्धतीची होती.

आग मागणारा जंतू

प्लेगचा जिवाणू ७० अंशांना मरतो. धनुर्वाताचा मरेलच असं नाही. हा जिवाणू मातीत आणि गुराढोरांच्या शेणात राहतो. परिस्थिती बिघडली, की तो स्वतःभोवती जाड कवच बांधून आतलं सगळं कामकाज जवळजवळ थांबवतो. या अवस्थेला बीजाणू म्हणतात. बीजाणू कोरड्या मातीत वर्षानुवर्षं टिकतो. उकळत्या पाण्यात थोडा वेळ घातला तरी तग धरतो. कार्बोलिकच्या पाण्यातून नुसता बुडवून काढला, तर त्याला काहीच होत नाही. त्याला ज्योत लागते, किंवा दाबाखालची वाफ.

दाबाखालच्या वाफेचं यंत्र, म्हणजे ऑटोक्लेव्ह, चार्ल्स शांबरलँ यांनी पाश्चर यांच्या प्रयोगशाळेत १८७९ साली बनवलं. त्याचं तत्त्व घरच्या प्रेशर कुकरचंच आहे. दाब वाढला, की पाणी शंभर अंशांना न उकळता त्याहून वर जातं. चौरस इंचाला १५ पौंड दाब असला, की आत १२१ अंश तापमान मिळतं, आणि १५ मिनिटांत बीजाणूही मरतात. पण एक अट आहे. आतली हवा आधी पूर्ण बाहेर गेली पाहिजे. कुकरमध्येही वाफेची धार जोरात येऊ लागल्यावरच शिटी बसवायची असते. हवा आत अडकली, तर काटा १५ पौंड दाखवतो आणि तापमान मात्र तेवढं चढत नाही. गच्च भरलेल्या ऑटोक्लेव्हमध्ये, घट्ट बांधलेल्या पिशवीच्या पोटात, नेमकं हेच होतं. गठ्ठ्याला लावलेल्या पट्टीवर काळ्या रेघा उमटल्या, म्हणून काम झालं असं समजणारे पुष्कळ आहेत. ती पट्टी एवढंच सांगते, की तिच्यापर्यंत उष्णता पोचली. गठ्ठ्याच्या मध्यभागी काय झालं हे कळायला तिथे उष्णतेला सर्वांत चिवट अशा जिवाणूच्या बीजाणूंची कुपी ठेवावी लागते आणि ती नंतर वाढवून बघावी लागते. काहीच वाढलं नाही, तर निर्जंतुकीकरण झालं.

धनुर्वाताच्या जिवाणूचा आणखी एक स्वभाव या प्रकरणात महत्त्वाचा ठरला. त्याला प्राणवायू चालत नाही. बूच मारलेल्या बाटलीत, पोषक रसात त्याचा एक जरी बीजाणू पडला, तर तो तिथे झकास वाढतो, विष तयार करतो आणि त्या रसाला दुर्गंधी सुटते.

चौकशी आणि चिमटा

सरकारनं मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. आयोगानं ठपका परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला: बाटली भरतानाच दूषित झाली असावी, आणि कार्बोलिक आम्ल वगळणं चूक होतं. हाफकिनना कामावरून दूर करण्यात आलं.

पण साक्षींमध्ये एक गोष्ट आलेली होती. मलकोवालला बाटलीचं बूच काढण्यासाठी वापरलेला चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. त्यानं तो उचलला, ज्योतीवर न तापवता नुसता कार्बोलिकच्या पाण्यात खळबळला आणि त्याच चिमट्यानं बूच काढलं. पंजाबातल्या खेड्यातली जमीन, गुरांचा वावर, मातीत बीजाणू. धनुर्वाताचा जंतू कुठून आला असेल, हे शोधायला परळपर्यंत जायची गरज नव्हती.

रोनाल्ड रॉस, डब्ल्यू. जे. सिम्पसन आणि इतर शास्त्रज्ञांनी हे पुरावे पुन्हा एकदा तपासले. त्यांचं म्हणणं सूक्ष्मजीवशास्त्राच्या अगदी साध्या नियमांवर उभं होतं. जंतू परळला, ४१ दिवस आधी बाटलीत शिरला असता, तर तो एवढ्या काळात वाढला असता आणि रसाला घाण वास सुटला असता. बाटली उघडणाऱ्या डॉक्टरांना असा वास आला नव्हता. शिवाय बाटलीत तयार विष असतं, तर लोक लवकर आजारी पडले असते. इथे लक्षणं दिसायला सुमारे आठवडा लागला. म्हणजे टोचताना शरीरात गेले ते ताजे बीजाणू. ते आत रुजले, वाढले आणि मग त्यांनी विष तयार केलं. आणि पाचांपैकी एकच बाटली बाधली, याचंही उत्तर चिमट्यात होतं. जुलै १९०७ मध्ये रॉस आणि इतर नामवंत जिवाणूशास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘द टाइम्स’मध्ये पत्र लिहून हाफकिन यांच्यावरचा आरोप टिकत नसल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी त्यांचा भारतात परतण्याचा मार्ग मोकळा झाला. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव दिलं गेलं.

इथे मदतनिसाला दोषी ठरवून थांबणं सोपं आहे. पण त्याला चिमटा कार्बोलिकमध्ये बुडवायचा एवढं माहीत होतं. कार्बोलिकनं कोणता जंतू मरतो आणि कोणता मरत नाही हे कोणी समजावलं होतं का? नियम हातात होता, कारण नव्हतं. आणि हेही लक्षात घ्या, की हाफकिन निर्दोष ठरू शकले ते कागदांमुळे. बाटलीला क्रमांक होता, भरल्याची तारीख होती, कोणाला कुठल्या बाटलीतून टोचलं याची नोंद होती. ही नोंद नसती, तर १९ मृत्यूंचं खापर साऱ्या लसीवर फुटलं असतं. नमुन्यावर नाव, तारीख आणि क्रमांक लिहिण्याचा कंटाळा करणाऱ्या प्रत्येकानं ५३-एन हा क्रमांक आठवावा.

व्हिएन्नातला प्लेग

मुंबईच्या प्लेगची आणखी एक गोष्ट आहे, ती उलट्या दिशेनं घडलेली. १८९७ साली व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीनं मुंबईला डॉक्टरांचं एक पथक पाठवलं. त्यात डॉ. हेरमान म्युलर होते. रुग्णांचा अभ्यास करून पथक परत गेलं, आणि सोबत प्लेगचे जिवंत संवर्ध घेऊन गेलं. व्हिएन्नाच्या प्रयोगशाळेत त्यांवर काम चालू झालं.

ऑक्टोबर १८९८ मध्ये प्रयोगाच्या प्राण्यांची निगा राखणारा मदतनीस फ्रान्झ बारिश आजारी पडला. त्याला फुफ्फुसाचा प्लेग झाला होता. म्युलर यांनी त्याच्यावर उपचार केले. १८ ऑक्टोबरला बारिश गेला. २३ ऑक्टोबरला म्युलर गेले. मुंबईत शेकडो प्लेगरुग्णांमध्ये वावरून सुखरूप परतलेला हा डॉक्टर आपल्याच शहरात त्या जिवाणूला बळी पडला. बारिशची शुश्रूषा करणारी परिचारिका अल्बिना पेखा हिचाही थोड्याच दिवसांत मृत्यू झाला. तिन्ही रुग्णांना कडक विलग ठेवल्यामुळे साथ शहरात पसरली नाही.

व्हिएन्ना शहरात ना प्लेगचे उंदीर होते, ना त्यांच्या अंगावरच्या पिसवा. पिसवांमार्फत पसरणारा हाच जिवाणू फुफ्फुसात शिरला, की खोकल्याच्या तुषारांतून थेट माणसाकडून माणसाकडे जातो. एकाच जंतूचे दोन मार्ग असू शकतात, आणि निसर्गात त्याचा जो मार्ग असतो, तोच प्रयोगशाळेत असेल असं नाही. डासानं पसरणारा विषाणू सुईनं शिरू शकतो. पोटातून जाणारा जंतू नाकातून जाऊ शकतो.

दुहेरी भिंत

मलकोवालला बाहेरचा जंतू आत शिरला. व्हिएन्नात आतला जंतू बाहेर पडला. सूक्ष्मजीवशास्त्राची सारी हस्तकला या दोन वाटा अडवण्यासाठी आहे, आणि विशेष हे, की दोन्ही बहुधा हाताच्या एकाच हालचालीत अडतात.

एका नळीतला संवर्ध दुसऱ्या नळीत नेणं, हे पहिल्या वर्षीच्या विद्यार्थ्याचं काम घ्या. आधी टेबल ७० टक्के अल्कोहोलनं पुसायचं. शंभर टक्के अल्कोहोल वापरलं तर जंतूच्या पृष्ठभागावरची प्रथिनं झटकन साकळतात आणि आतला भाग बचावतो; ३० टक्के पाणी असलं, की अल्कोहोल खोलवर शिरतं. मग बर्नर पेटवायचा. त्याच्या ज्योतीनं हवा वर चढते आणि वरून खाली पडणारी धूळ आजूबाजूच्या टापूत पडत नाही. या टापूतच काम करायचं. तारेचा लूप ज्योतीत धरायचा, टोकापासून मुठीपर्यंत लालबुंद होईतो. मग निवेपर्यंत क्षणभर थांबायचं. तापलेला लूप संवर्धात बुडवला, तर चर्र आवाज येतो आणि जंतू थेंबांसकट हवेत उडतात. नळीचं कापसाचं बूच करंगळीच्या पेरात धरायचं, टेबलावर टेकवायचं नाही. नळी आडवी करून तोंड ज्योतीतून फिरवायचं. लूप आत, एक थेंब उचलायचा, बाहेर. दुसऱ्या नळीचं तोंड तापवायचं, थेंब सोडायचा, बूच लावायचं. आणि आता सगळ्यांत महत्त्वाचं: लूप पुन्हा लाल करायचा. पण तो थेट ज्योतीच्या गाभ्यात घातला, तर त्यावरचा ओला थेंब फुटून उडेल. आधी तो ज्योतीच्या कडेला वाळवायचा आणि मग लाल करायचा.

पहिल्यांदा लूप तापवला तो संवर्धाला वाचवण्यासाठी. दुसऱ्यांदा तापवला तो आपल्याला वाचवण्यासाठी. विद्यार्थी पहिला विसरला, तर दुसऱ्या दिवशी तबकडीवर भलत्याच वसाहती दिसतात आणि त्याला ओरडा बसतो. दुसरा विसरला, तर कोणालाच काही दिसत नाही. म्हणून दुसरा नेहमी विसरला जातो.

न दिसणाऱ्या या चुकीचा पुरावा आकड्यांतही आहे. रॉबर्ट पाइक या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९७६ साली प्रयोगशाळेत झालेल्या संसर्गांच्या ३,९२१ नोंदी तपासल्या. नळी फुटली, सुई टोचली, तोंडानं ओढताना द्रव घशात गेला, असा ठळक अपघात पाचांतल्या एकापेक्षाही कमी प्रकरणांत सापडला. बाकीच्यांना आपल्याला लागण केव्हा झाली हेच सांगता आलं नाही. यातला मोठा वाटा तुषारांचा असणार, असा निष्कर्ष त्यातून निघतो. बूच झटक्यात उघडणं, पिपेटमधला शेवटचा थेंब फुंकरीनं काढणं, मशीन थांबायच्या आत सेंट्रिफ्यूजचं झाकण उचलणं, या प्रत्येक कृतीत हजारो तुषार उडतात. पाच मायक्रॉनहून लहान तुषार हवेत बराच वेळ तरंगतात आणि श्वासाबरोबर फुफ्फुसाच्या अगदी शेवटच्या पिशव्यांपर्यंत जातात. क्षयाचा जिवाणू नेमका याच वाटेनं जातो.

लॅमिनार आणि कॅबिनेट

महाविद्यालयांत आणि लहान प्रयोगशाळांत एक घातक गैरसमज दिसतो, तो इथे सांगितलाच पाहिजे. वनस्पतींच्या ऊतिसंवर्धनासाठी किंवा माध्यम ओतण्यासाठी ‘लॅमिनार’ वापरतात. त्यात गाळलेली स्वच्छ हवा मागच्या बाजूनं येते आणि कामावरून वाहत थेट काम करणाऱ्याच्या चेहऱ्यावर येते. तबकडी सुरक्षित राहते. पण त्याच लॅमिनारमध्ये कोणी रुग्णाची थुंकी किंवा रोगकारक संवर्ध उघडला, तर जंतूंचा झोत त्याच्या नाकावर येतो. काच, दिवा, पंख्याचा आवाज बघून माणसाला वाटतं आपण सुरक्षित आहोत. प्रत्यक्षात उघड्या टेबलापेक्षाही तो जास्त धोक्यात असतो.

रोगकारक जंतूंसाठी जैवसुरक्षा कॅबिनेट वेगळं असतं. दुसऱ्या श्रेणीच्या कॅबिनेटमध्ये पुढच्या फटीतून हवा आत ओढली जाते, त्यामुळे आतलं बाहेर येत नाही. वरून गाळलेली हवा खाली पडते, त्यामुळे बाहेरचं तबकडीवर बसत नाही. आणि बाहेर सोडली जाणारी हवाही गाळूनच सोडतात. गाळणी अशी, की ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडावेत. दुहेरी भिंत इथे हवेनं बांधलेली असते. म्हणूनच ती हवेनं मोडतेही: हात भराभर आत-बाहेर केले, मागून कोणी घाईनं गेलं, पुढच्या जाळीवर वही ठेवली, की प्रवाह तुटतो.

जंतू जितका घातक, तितकी भिंत जाड. प्रयोगशाळांच्या चार पातळ्या याच हिशेबानं ठरल्या आहेत. पहिल्या पातळीवर निरुपद्रवी जीव; चांगल्या सवयी पुरतात. दुसऱ्यावर विषमज्वरासारख्या रोगांचे जंतू; कॅबिनेट, ऑटोक्लेव्ह आणि प्रवेशावर बंधन. तिसऱ्यावर क्षयाचे संवर्ध. खोलीतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी, म्हणजे दार उघडलं तरी हवा आतच जाते. चौथ्यावर इबोला, निपाह यांसारखे विषाणू. पुण्याच्या पाषाण भागात राष्ट्रीय विषाणू संस्थेची चौथ्या पातळीची प्रयोगशाळा २०१२ च्या डिसेंबरात सुरू झाली. २०१८ साली केरळमध्ये निपाहची साथ आली, तेव्हा नमुन्यांचं निदान पुण्याच्याच संस्थेनं पक्कं केलं. या संस्थेला ही गरज फार आधीपासून ठाऊक होती. १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात माकडतापाचा विषाणू सापडला. पुण्यात त्यावर काम करताना प्रयोगशाळेतल्या लोकांनाही लागण झाल्याच्या नोंदी आहेत. तोच माकडताप आज सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात आणि गोव्यातल्या सत्तरीत काजूच्या बागेत जाणाऱ्यांना गाठतो आहे. त्यांचे नमुने तपासणारे हात सुरक्षित राहणं ही त्या बागायतदारांचीही गरज आहे.

मेला, हे सिद्ध करा

महागडी भिंतही एका गृहीतकानं कोसळते. २००४ साली बीजिंगच्या विषाणू संस्थेत सार्सच्या विषाणूवर काम चालू होतं. विषाणू निष्क्रिय केला, असं समजून तो सुरक्षित खोलीतून साध्या प्रयोगशाळेत नेला गेला. तो खरोखर निष्क्रिय झाला आहे का, हे नीट पडताळलेलं नव्हतं. तिथल्या संशोधकांना लागण झाली, त्यांच्याकडून घरच्यांना आणि परिचारिकेला. एकूण नऊ जण आजारी पडले. एका विद्यार्थिनीची शुश्रूषा करणारी तिची आई मरण पावली.

हाफकिन यांच्या काळापासून चालत आलेला हा नियम आहे: जंतू मारला, एवढ्यावर भागत नाही, तो मेला हे दाखवावं लागतं. तापवलेल्या द्रवाचा थेंब ताज्या माध्यमात टाकून काही वाढत नाही ना हे बघणं, हाच त्याचा पुरावा. वेळ वाचवायला हीच पायरी सर्वांत आधी गाळली जाते, कारण शंभरातल्या नव्याण्णव वेळा तिचं उत्तर ‘काही वाढलं नाही’ असंच येतं.

तालुक्याच्या गावात

हे सगळं पाषाण किंवा परळपुरतं नाही. आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावात पॅथॉलॉजी लॅब आहे. तिथे डीएमएलटी झालेली मुलं-मुली दिवसभर थुंकी, रक्त, लघवी, जखमेतला पू हाताळतात. यातला कोणता नमुना काय घेऊन आला आहे हे त्यांना आधी माहीत नसतं. तपासणी असते ती त्यासाठीच. म्हणून प्रत्येक नमुना धोक्याचा मानूनच काम करायला हवं. अभिकर्मकांच्या फ्रिजमध्ये डबा ठेवायचा नाही, कारण फ्रिजच्या कडीला त्याच हातमोज्यांचा हात लागलेला असतो. हातमोजे घालून मोबाइल उचलायचा नाही, कारण तोच मोबाइल घरी गेल्यावर गालाला लागतो. सुईला परत टोपण लावायचं नाही, कारण टोचते ती टोपण लावतानाच. सुया भोसकल्या न जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात. संवर्धाच्या तबकड्या आधी ऑटोक्लेव्हमध्ये आणि मगच पिवळ्या पिशवीत. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी हे बंधनकारक केलं आहे. ती पिशवी उचलणाऱ्या सफाई कामगाराला आत काय आहे हे दिसत नाही. त्याच्या वाट्याची भिंत आपणच बांधून द्यायची असते. आणि निघताना हात धुवायचे, साबणानं, मनगटापर्यंत, एप्रन काढून ठेवल्यावर.

या सगळ्यांत सर्वांत अवघड नियम कुठला असेल, तर तो सांगण्याचा. सुई टोचली, नळी फुटली, ताप आला, तर लगेच सांगायचं. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचल्यावर प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत, आणि जितकी लवकर तितकी चांगली, सुरू करावी लागतात. ओरडा बसेल, पगार कापला जाईल या भीतीनं जी मुलगी दोन दिवस गप्प राहते, तिचे नेमके तेच दोन दिवस वाया जातात. मालकानं, प्राध्यापकानं, विभागप्रमुखानं हे स्वतःच्या तोंडानं सांगायला हवं, की इथे अपघात लपवला तर रागावू, सांगितला तर नाही. असं वातावरण नसलेल्या लॅबमध्ये कितीही महागडं कॅबिनेट आणून ठेवलं, तरी ते अपुरंच पडतं.

म्हणून सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्यांना एकच आग्रहाची विनंती. नियमांचा तक्ता भिंतीवर लावा, पण प्रत्येक नियमाशेजारी त्याचं कारण लिहा. चिमटा ज्योतीवर का तापवायचा, याचं उत्तर ‘सरांनी सांगितलंय म्हणून’ असं येत असेल, तर तो विद्यार्थी गर्दीत, घाईत, खेड्यातल्या शिबिरात तो तापवेलच याची खात्री नाही. ‘मातीत बीजाणू असतात आणि त्यांना ज्योतच लागते’, असं उत्तर ज्याच्याकडे आहे, त्याला कोणी बघत नसतानाही आठवण करून द्यावी लागणार नाही.